वरचं दूध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गावच्या डेअरीत संध्याकाळी सहाच्या सुमारास लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. माप घेणारा पोरगा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना यंत्राला लावतो आणि फॅट किती, एसएनएफ किती, हे आकडे समोर उमटतात. गायीच्या दुधाला साडेतीन आणि साडेआठ, हा हिशेब आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतो. दुधात तांब्याभर पाणी असलं की यंत्र चुगली करतं, भाव पडतो, आणि चारचौघांत मान खाली जाते ती वेगळीच. पण त्याच संध्याकाळी, त्याच गावात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात वाटीभर दुधात वाटीभर पाणी पडतं, वर चमचाभर साखर पडते, आणि ते बाटलीत भरून बाळाच्या तोंडाला लावलं जातं. तिथं यंत्र नसतं. उलट 'जड दूध बाळाला सोसत नाही' म्हणून पाणी घालणारीचं कौतुकच होतं.

ते पाणी घालणारा एक हात माझा होता. म्हणूनच आज या विषयावर बोलते आहे. नाहीतर मी कविता लिहिणारी बाई, डॉक्टर नव्हे.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, सासर सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी, भिलवडीच्या परिसरात. एका बाजूला पाण्याला महाग, दुसऱ्या बाजूला दुधाचा पूर. माहेरी दारात खिलार गाय होती. खिलार ही बैलांसाठी नावाजलेली जात, दुधासाठी नव्हे. वासराचं पोट भरून उरेल ते तांब्याभर दूध, आणि तेवढ्यावर अम्मी सगळं घर भागवायची. सासरी आले तर चित्रच वेगळं. चितळ्यांनी १९३९ साली भिलवडीत दुधाचा व्यवसाय सुरू केला, त्याला मी आले तेव्हा अर्धं शतक उलटून गेलं होतं. घरटी म्हैस, नाहीतर जर्सी गाय. सकाळ-संध्याकाळ दुधाच्या गाड्यांचे हॉर्न. अशा गावात माझ्या मुलाला दूध कमी पडायचं काही कारण नव्हतं. ते कमी पडलं नाही, जास्त झालं, आणि तीच माझी गोष्ट आहे.

मुलगा १९९३ सालचा. तो दीड महिन्याचा असताना मला टायफॉईड झाला. अंगावरचं दूध बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते घरानं ठरवलं. तापकरी आईचं दूध बाळाला बाधतं, असं सासूबाईंचं ठाम मत होतं आणि माझ्यात बोलायचंही त्राण नव्हतं. बाळाला डब्याचं दूध सुरू झालं. पंधरा दिवसांनी मी उठले तेव्हा माझं दूध आटलं होतं. पुन्हा येतं का पाहावं, बाळाला लावत राहावं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

डबा म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्यांनी विकत घेतलाय त्यांना ठाऊक. माझे मिस्टर एसटीत मेकॅनिक. महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर डबा घरात येताना त्यांचा चेहरा बघवत नसे. मग मी काय करायची? तीन चमचे पावडर लिहिली असेल तिथं अडीच टाकायची. पाणी तेवढंच. बाटली भरलेली दिसायची, बाळ पिऊन झोपायचं, डबा दोन दिवस जास्त पुरायचा. काटकसर वाटायची ती. बाळाच्या पोटातून अर्धा चमचा काढून घेतेय, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

सातव्या महिन्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाभी, दारात म्हैस असताना डब्याला पैसे का घालताय? आमची सगळी पोरं म्हशीच्या दुधावर वाढली." मलाही पटलं. निम्मं दूध, निम्मं पाणी, साखर, बाटली. पोरानं ते असं काही उचललं की विचारू नका. पुढं पाणी कमी होत गेलं आणि बाटल्या वाढत गेल्या. वर्षाचा झाला तेव्हा लिटरभर, सव्वा वर्षाचा झाला तेव्हा दीड लिटर. भात कालवला की तोंड फिरवायचा. मी म्हणायची, जाऊ दे, दूध पितोय ना, दूध पूर्णान्न आहे. शाळेच्या पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. पोरगा गुटगुटीत, गोरापान. लोक त्याला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणायचे. माझ्या वयाच्या श्रोत्यांना तो शब्द आठवत असेल. जुन्या डब्यांवर गुबगुबीत बाळांची चित्रं असत, त्यावरून आलेला. आता तशी चित्रं दिसत नाहीत. १९९२ च्या कायद्यानं बाळदुधाच्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला आणि त्याची जाहिरात करायला बंदी घातली, आणि २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक केला. कायदा झाला तरी शब्द लोकांच्या तोंडात राहिलाच.

मग तो माती खायला लागला. भिंतीचे पोपडे नखानं काढून खायचा. आम्ही रागवायचो, हातावर चापट मारायचो. चार पावलं चालला की बसायचा. नजर लागली म्हणून दर्ग्यावर नेलं, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शेवटी सर्दी-तापाच्या निमित्तानं सांगलीला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तापाकडे पाहिलंच नाही. आधी पोराची खालची पापणी ओढून पाहिली, मग तळहात पाहिला. रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन साडेसहा.

"दूध किती पितो?" त्यांनी विचारलं.

मी अभिमानानं सांगितलं, "दीड लिटर."

"तेच बंद करा."

खरं सांगते, मला त्या माणसाचा राग आला. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, लेकराचं दूध तोडायला सांगणारा कसला डॉक्टर! ज्या मुलखात दुधाच्या नावानं माणसं शपथ घेतात, तिथं दुधानं पोर आजारी पडतं हे कुणाच्या गळी उतरणार? मी स्वतः एका कवितेत दुधाला चांदण्याची उपमा दिली होती. चांदण्यात लोह नसतं, हे मला बी.ए.पर्यंतच्या एकाही पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

त्या डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला समजावून सांगितलं, ते मी आजवर विसरले नाही, आणि नंतर वाचूनही पडताळून घेतलं. गोष्ट साधी आहे. बाळ जन्माला येतं तेव्हा आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधातही लोह थोडंच असतं, पण जे असतं ते बाळाच्या अंगी छान लागतं. डब्याच्या दुधात ते मुद्दाम मिसळलेलं असतं. गायी-म्हशीच्या लिटरभर दुधात मात्र ते जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, आणि दुधातलं कॅल्शियम त्या थोड्यालाही अंगी लागू देत नाही. त्यात वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या आतड्यातून कच्च्या वयात गायीच्या दुधानं थोडं थोडं रक्त झिरपतं. डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. आणि सर्वांत मोठी गोष्ट, दुधानं पोट भरलं की पोर भाकरी-वरणाकडे बघत नाही, म्हणजे लोह यायचा दुसरा रस्ताही बंद. अंगात रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते. आम्ही मात्र त्याच्या हातावर चापट्या मारत होतो.

प्रथिनांचंही तसंच. आईच्या शंभर मिलिलिटर दुधात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास, गायीच्या दुधात तीन ग्रॅमच्या वर, म्हशीच्या दुधात चारच्या घरात. वासराला महिन्याभरात उड्या मारायच्या असतात, त्याच्यासाठी ते बरोबर आहे. लहान बाळाच्या मूत्रपिंडांना तो भार होतो. म्हणून पूर्वीच्या बायका पाणी घालायच्या. त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, पण पाणी घातल्यानं प्रथिनांबरोबर बाळाची ताकदही निम्मी होते. डब्याच्या पावडरीत हे सगळं मोजून कमी-जास्त केलेलं असतं. ती पावडरही मुळात दुधाचीच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ एके काळी सांगत. आणंदच्या दूध संघात एच. एम. दलाया या अभियंत्यानं ती करून दाखवली, १९५५ साली तिथं कारखाना उभा राहिला आणि पुढं म्हैसूरच्या संशोधन संस्थेच्या मदतीनं म्हशीच्या दुधाचं बाळदूधही झालं. आमच्या म्हशीला एवढा मान मिळाला याचं मला कौतुक आहे. पण तो मान मोजमापाचा होता. दारातली म्हैस आणि डब्यातली म्हैस यांत हाच फरक.

वरच्या दुधाचा प्रश्न काही आजचा नाही. सातारहून पुण्याला जाताना वाटेत कापूरहोळ लागतं. तिथल्या धाराऊ गाडे पाटील. सईबाईंना दूध येईना तेव्हा बाळ संभाजीराजांना पाजायला त्या पुरंदरावर गेल्या. प्रेषित मुहम्मद यांना हलीमा या दाईनं पाजलं, आणि आमच्यात एका आईचं दूध प्यायलेल्या परक्या मुलांनाही सख्खी भावंडं मानतात, त्यांची आपसांत लग्नं होत नाहीत. कुराणात पुरी दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे. आजचे डॉक्टरही सांगतात की सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढं वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. म्हणजे ज्या घरात आईचं दूध आहे तिथं बाकीचे प्रश्न उद्भवतच नाहीत. ज्यांना दाई मिळत नव्हती त्यांच्याकडे शेळी होती. १९७२ च्या दुष्काळात अम्मी खडी फोडायला जायची, माझा धाकटा भाऊ लिंबाखाली झोळीत, आणि त्याला शेळीचं दूध. ते हलकं म्हणतात. असेल. पण त्यात फोलेट फार कमी असतं, तेही रक्ताला लागतंच. भाऊ वाचला, कामावर मिळणाऱ्या सुकडीनं आणि अम्मीच्या जिद्दीनं. पण दहा वर्षांचा होईपर्यंत तो मला सात वर्षांचा वाटायचा.

आता गेल्या वर्षीचं सांगते. त्याच माती खाणाऱ्या पोराला मुलगी झाली. सूनबाई बँकेत आहे. २०१७ च्या कायद्यानं सव्वीस आठवड्यांची रजा मिळते, ती तिला मिळाली. सहा महिने तिनं अंगावरचं पाजलं. कामावर रुजू झाल्यावर तिनं बरीच धडपड केली, पण शाखा लांबची, प्रवास दोन तासांचा, दूध कमी होत गेलं. आठव्या महिन्यापासून डबा आला. घरातल्या तशाच डब्याकडे पाहून माझ्या छातीत धस्स झालं. वर्षाचा वाढदिवस जवळ आला तेव्हा प्रत्येकाकडे सल्ला तयार होता. व्याहीणबाई म्हणाल्या, दोन वर्षांपर्यंत डबाच द्या, आता मोठ्या मुलांचाही डबा मिळतो. दूधवाले अण्णा म्हणाले, देशी गायीचं आणून देतो, धारोष्ण पाजा. शेजारच्या काकू आता थकल्यात, पण त्यांनी काठी टेकत येऊन म्हशीच्या दुधाची शिफारस केलीच. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. "अम्मी, ह्यांना तुम्ही काय दिलं होतं?"

त्या दिवसापर्यंत मी सगळ्यांना एवढंच सांगत आले होते की, मला टायफॉईड झाला म्हणून तो लहानपणी अशक्त होता. मुलालाही तेच माहीत. अडीच चमच्यांची, दीड लिटरची, साडेसहा हिमोग्लोबिनची गोष्ट मी पहिल्यांदा सुनेला सांगितली. मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता, त्यानं हळूच वर पाहिलं. काही बोलला नाही. रात्री मला म्हणाला, "मला भिंतीची चव अजून आठवते." मी त्याला म्हटलं, थापा मारू नकोस, सव्वा वर्षाचं काय आठवतंय.

मग आम्ही बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगते, कारण घरोघरी हा प्रश्न पडतो. वर्ष पूर्ण होईपर्यंत गायी-म्हशीचं दूध मुख्य पिणं म्हणून नको. खिरीत, दह्यात थोडं आलं तर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली असं म्हटलं की, सहा ते अकरा महिन्यांच्या वरच्या दुधावरच्या बाळाला डब्याचं किंवा जनावराचं, कुठलंही दूध चालेल. पण आपल्याकडे आधीच मुलांत रक्त कमी, म्हणून आपले डॉक्टर वर्षभर थांबा म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. हा आकडा ऐकल्यावर मला वाटलं, माझं पोर एकटं नव्हतं तर. वर्ष झाल्यावर मात्र डब्याची गरज उरत नाही. मोठ्या मुलांच्या डब्याचीही नाही. त्या पैशांत अंडी येतात, असं बाई हसत म्हणाल्या. अपुऱ्या दिवसांचं बाळ, ॲलर्जी असलेलं बाळ, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. डबा सोसलेल्या बाळाला गायीचं दूध सहसा सोसतं, कारण बहुतेक डबे गायीच्या दुधाचेच.

बदल एका दिवसात केला तरी चालतो. आमची नात चवीला चोखंदळ, म्हणून आम्ही हळूहळू केला. आधी डब्याचं दूध डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात नीट तयार करायचं. मग त्या तयार दुधाच्या तीन वाट्यांत एक वाटी उकळून कोमट केलेलं गायीचं दूध. तीन-चार दिवसांनी निम्मं-निम्मं. मग एकास तीन. बारा-तेरा दिवसांत डबा संपला. पावडर मात्र कधी दुधात कालवायची नाही, पाण्यातच, नाहीतर ते फार दाट होऊन बाळाला सोसत नाही. गायीच्या दुधात पाणी नाही, साखर नाही. दोन वर्षांपर्यंत साय न काढलेलं दूध. टोन्ड, डबल टोन्ड मोठ्यांना. म्हशीचं असेल तर वरची साय काढून घेतली तर पोटाला बरं पडतं. धारोष्ण अजिबात नको. कच्च्या दुधातून येणारे आजार जनावराच्या अंगावर दिसत नाहीत, म्हणून सुटं दूध चांगलं उकळायचंच. आणि देशी की जर्सी, या वादात आमच्या गावात दोन तट आहेत, पण लोहाच्या बाबतीत दोघीही सारख्याच गरीब.

सगळ्यांत महत्त्वाचं माप. दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटर, दही धरून. त्यावर नाही. बाकीचं पोट जेवणानं भरायचं: नाचणीचं सत्त्व, वरण-भात, हिरवी भाजी घोटून, उकडलेलं अंडं, मटणाचा मऊ शिजवलेला खिमा, वर लिंबाचे चार थेंब, म्हणजे लोह अंगी लागतं. आशाताई लोहाचं औषध देतात, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. त्यानं शी काळी होते म्हणून पुष्कळ घरांत ती बाटली फळीवर तशीच राहते. आमच्या घरात राहिली नाही. शी काळी झाली की मी खूश व्हायची. घरातले हसायचे.

बाटली सोडवणं दूध बदलण्यापेक्षा अवघड गेलं. रात्रीची बाटली दातांना कीड लावते आणि तिच्या नादानं दूध किती पोटात जातं याचा हिशेब राहत नाही. माझ्या माहेरी पितळी बोंडलं होतं. चोचीसारख्या तोंडाचं ते भांडं माळ्यावरून काढून घासलं. कवयित्रीच्या डोक्यात येतात अशा कल्पना! नातीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि दूर ढकललं. शेवटी तिला आवडली ती आजोबांच्या चहाची स्टीलची वाटी. दोन्ही हातांनी धरते, निम्मं पिते, निम्मं फ्रॉकला पाजते. पहिला आठवडा रात्री रडली. मी आणि सूनबाई आळीपाळीनं उठलो, पाणी पाजलं, थोपटलं. आठव्या रात्री झोपली.

परवा तिची पापणी मी खाली ओढून पाहिली. तशी मी दर महिन्याला पाहते, आणि डॉक्टरांकडून रक्तही तपासून घेतलं आहे. पापणी लालचुटूक. तेवढ्यात दाराशी अण्णांची सायकल थांबली.

"भाभी, नात चालायला लागली की. रतीब वाढवायचा ना? एक लिटर करू?"

"नाही अण्णा," मी म्हटलं, "तिचं अर्धा लिटरच. आणि त्यात पाणी घालू नका."

"मी कधी घातलंय का!" अण्णा रागावले.

"तुम्ही नाही हो," मी पातेलं पुढं करत म्हटलं.